घरगुती धंदा मोबाईलवर कसा चालवायचा, नंबर घेण्यापासून रात्रीच्या हिशोबापर्यंत

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घरून मी पुरणपोळी, मोदक, चकली, भाजणी, मेतकूट असं सगळं ऑर्डरप्रमाणे करून देते, अकरा-बारा वर्षं झाली आता. आमच्या भिशीतल्या तिघीजणींना यंदा असंच काहीतरी सुरू करायचंय आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं की अगं ते क्यूआरचं कसं करायचं, अगं एकाने पैसे पाठवले म्हणतोय पण दिसत नाहीयेत, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते. (माझ्या मराठीत हिंदी शिरतं, इंदूरचंच माहेर आणि इंदूरचंच सासर, पुण्याची नणंद हसते, तुम्हीही हसा.)

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवा. धंद्याचा फोन म्हणजे गल्ला. सियागंजातला, म्हणजे आमच्या किराण्याच्या घाऊक बाजारातला, शेठ गल्ल्याची किल्ली नोकराला देत नाही, दुकान उघडं टाकून जेवायला जात नाही आणि रात्री मोजल्याशिवाय शटर ओढत नाही. आपण मात्र त्याच गल्ल्यावर नातवाला कार्टून लावून देतो! खाली जे जे सांगतेय ते सगळं या एका गोष्टीतूनच निघालंय.

पहिलं काम: नंबर

धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या आधारवर घ्या. मुलाच्या, जावयाच्या नावावरचं सिम नको, कारण पुढे सिम हरवलं की दुकानदार त्यालाच बोलावणार आणि तो असणार बंगलोरला. आपल्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत ते संचार साथी नावाच्या सरकारी पोर्टलवर बघता येतं. मी बघितलं तेव्हा एक नंबर असा निघाला जो मी कधी घेतलाच नव्हता, तिथूनच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवून टाकला.

दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही नंबर चालतात, नवीन फोन घ्यायची काही गरज नाही. पण धंद्याच्या नंबराचं रिचार्ज संपू देऊ नका. नंबर तीनेक महिने वापरलाच नाही तर कंपनी तो काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते, आणि बँकेचे ओटीपी मग त्या दुसऱ्याच्या हातात पडू शकतात. पॅकची तारीख मी गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहिते.

मग कुलूप

फोनला लॉक, पैशाच्या ॲपला वेगळं लॉक, आणि यूपीआय पिन या दोन्हींपेक्षा वेगळा. जन्मसाल नको, लग्नाचं साल तर नकोच, ते सगळ्या भिशीला पाठ असतं. सेटिंगमध्ये जाऊन लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन ओट्यावर पडलेला असताना ओटीपी कोणीही वाचू शकतो. सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. फक्त तो पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके नंबर, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा नंबर, घ्यावा लागतो, तेव्हा नीट लक्षात ठेवा.

नातवंडांसाठी जुना फोन ठेवा. यावर चर्चा नाही.

खातं वेगळं, हे टाळू नका

मी पहिली पाच-सहा वर्षं घरच्याच बचत खात्यात पैसे घेत होते आणि तेव्हा वाटायचं काय फरक पडतो. खूप फरक पडतो. भाऊबीजेचे पैसे, मुलाने पाठवलेले घरखर्चाचे पैसे आणि मोदकांचे पैसे सगळे एकाच पासबुकात, वर्षअखेरीला सीएकडे गेले तर तो म्हणतो काकू यातला धंदा कुठला? यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया खात्यात लिहिलेला राहतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा अशीच धांदल उडाली होती, कारण घरचे पैसे आणि विक्रीचे पैसे एकत्र. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्याकडे जीएसटी नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला २० लाख, म्हणजे आपण बहुतेकजणी त्याच्या खूप खालीच असतो, पण ते दाखवता आलं पाहिजे ना.

आयकरात छोट्या धंद्याला अंदाजे नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे, त्यात रोख विक्रीवर ८ टक्के आणि डिजिटल विक्रीवर ६ टक्के नफा धरतात. म्हणजे ‘कॅशच द्या हो’ म्हणणाऱ्यांना वाटतं तसं डिजिटलमध्ये दरवेळी नुकसानच असतं असं नाही.

वेगळ्या खात्याचं आणखी एक कारण आहे जे मला कोणी सांगितलं नव्हतं. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत कुठे जाईल सांगता येत नाही. एखाद्या ठगाने तुमच्याकडून चकली घेतली आणि चोरीच्या पैशातून पेमेंट केलं तर तपासात तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधीकधी पूर्ण खातंच, अडकून पडतं. तुमची चूक नसते पण सुटायला वेळ लागतो, आणि पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर घर कसं चालवणार? म्हणून धंद्याचं खातं वेगळं, त्यात दोन-चार दिवसांपुरतेच पैसे, आणि ऑर्डरचं चॅट पुसायचं नाही, वेळ आली तर तोच पुरावा.

क्यूआर

यूपीआय २०१६ साली आलं, बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने आणलं, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, नंतर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊच्या गाडीवाल्यांपर्यंत सगळीकडे हळूहळू क्यूआर लागले. तुम्हाला दोन रस्ते आहेत. एक, स्वतःच्या यूपीआय ॲपमधला साधा क्यूआर, दोन, व्यापारी क्यूआर जो बँक किंवा पेमेंट कंपनी देते. सुरुवातीला साधाही चालतो, पण दिवसाला दहा ऑर्डरी व्हायला लागल्या की व्यापारी क्यूआर घ्या, त्याचं स्टेटमेंट वेगळं निघतं आणि रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं गिऱ्हाईक त्यावरच पैसे देऊ शकतं. खात्यातून खात्यात यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराकडून कमिशन जात नाही, जानेवारी २०२० पासून तसा नियम आहे, तेव्हा कोणी एजंट येऊन ‘दोन टक्के कटेगा’ म्हणाला तर कशावर ते लेखी मागा.

बोलणारा डबा, तोच तो पैसे आले की ओरडणारा, त्याचं बहुतेक ठिकाणी महिन्याचं भाडं असतं. घरून काम असेल तर मला त्याची गरज वाटत नाही. स्टॉल लावणार असाल, गणपतीत किंवा आनंदमेळ्यात, तर मात्र घ्याच, हात पिठाचे असताना फोन बघत बसणार का?

क्यूआर भिंतीवर चिकटवला असेल तर रोज सकाळी दुसऱ्या फोनवरून एकदा स्कॅन करा आणि नाव आपलंच येतंय का बघा. आपल्या स्टिकरवर स्वतःचं स्टिकर चिकटवून जाणारे लोक असतात.

व्हॉट्सॲप बिझनेस

साधं व्हॉट्सॲप नको, बिझनेसवालं घ्या, फुकट आहे आणि धंद्याच्या नंबरावर वेगळं चालतं. त्यात तीन गोष्टी खरोखर कामाच्या आहेत, बाकी सोडून द्या.

कॅटलॉग, म्हणजे पदार्थाचा फोटो, भाव, वजन. फोटो सकाळी खिडकीजवळच्या उजेडात काढा, ट्यूबलाईटखाली पुरणपोळी आजारी दिसते. भाव लिहाच, ‘इनबॉक्समध्ये विचारा’ हा प्रकार मला आवडत नाही, लोक विचारत नाहीत, निघून जातात.

क्विक रिप्लाय, म्हणजे रोज पन्नास वेळा लिहावं लागतं ते एकदा लिहून ठेवायचं. माझा असा आहे: ‘नमस्कार, ऑर्डर एक दिवस आधी, निम्मे पैसे आगाऊ, बाकी पार्सल निघण्याआधी. पत्ता आणि वेळ लिहून पाठवा.’ तिरकी रेघ (/) मारून दोन अक्षरं टाइप केली की अख्खा मेसेज येतो. हा मेसेज लावल्यापासून भांडणं निम्म्याने कमी झाली, कारण आधी तोंडी सांगायचे आणि मग ‘काकी आपने तो बोला ही नहीं था’.

तिसरं लेबल. प्रत्येक चॅटला रंग लावता येतो. मी चारच ठेवलेत: नवीन, आगाऊ आले, बाकी आहे, संपलं. रात्री ‘बाकी आहे’ उघडलं की यादी समोर.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, म्हणून नवीन गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी नंबर सेव्ह करायला सांगा. आणि रोज सुप्रभात पाठवू नका हो. सणाच्या आठ दिवस आधी एक मेसेज, बस.

पैसे आले की नाही ते कसं बघायचं

इथे जरा थांबते कारण इथेच मी फसले होते. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी, घरात वाफच वाफ, २१ मोदक ८४० रुपये, किलोभर चकली ६००, अर्धा किलो अनारसे ४००, एकूण १,८४० ची ऑर्डर घ्यायला एक मुलगा दारात आला, अगदी व्यवस्थित, पाया वगैरे पडला. फोन माझ्यासमोर धरला, हिरवी टिक, माझं नाव, १,८४० रुपये, ‘काकीजी हो गया, देख लो’. माझे हात उकडीत होते. मी बघितलं, त्याच्याच फोनवर बघितलं. रात्री हिशोबाला बसले तर १,८४० कमी. तो स्क्रीनशॉट कुठल्यातरी नकली ॲपमधला होता, अशी ॲप असतात, नाव-रक्कम टाकली की हुबेहूब पावती तयार होते.

तेव्हापासूनचा नियम: त्याच्या फोनवर काय दिसतंय ते माझ्या कामाचं नाही, माझ्या फोनवर काय आलंय तेवढंच खरं. मेसेजवरही जाऊ नका, ‘तुमच्या खात्यात जमा’ असा एसएमएस कोणीही बनवून पाठवू शकतो. बँकेचं ॲप उघडायचं, जमा बघायची. गर्दीत गोंधळ होत असेल तर गिऱ्हाइकाला यूटीआर विचारा, तो त्या व्यवहाराचा बारा अंकी नंबर असतो, आणि त्याचे शेवटचे चार अंक आपल्या नोंदीशी जुळवा. दोन मिनिटं लागतात, लागू देत, मोदक थंड होणार नाहीत.

कधीकधी गिऱ्हाईक खरंच खरं बोलत असतं, त्याचे कापले गेलेले असतात आणि आपल्याला आलेले नसतात. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जी गर्दी असते त्यात नेट असं अडकतं की विचारू नका. अशा वेळी भांडू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट मध्येच अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेलं पाहिजे, एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेलं असेल तर एका दिवसात, आणि उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे. हे शांतपणे सांगितलं की माणूसही शांत होतो. जुनं गिऱ्हाईक असेल तर मी माल देऊन टाकते, नवीन असेल तर रोख मागते.

फोन आला ‘फौजेतून’

मागच्या होळीला फोन आला, मी महूहून (इथली जवळची छावणी) बोलतोय, आर्मीत आहे, युनिटसाठी २०० पुरणपोळ्या हव्यात. २०० म्हटल्यावर मी मनात डाळ भिजवायला घातली पण! मग म्हणाला पेमेंट आत्ता करतो पण आमची सिस्टीम उलटी असते, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, मग दहा परत येतील, मग पूर्ण रक्कम. त्याने एक क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करून पिन टाका, पैसे ‘रिसीव्ह’ होतील. त्याने ओळखपत्राचा फोटोही पाठवला होता, वर्दीतला. बिचाऱ्या खऱ्या फौजींचं नाव असं वापरतात, राग येतो.

लिहून फ्रिजवर लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपलेच गेले. याला अपवाद नाही.

बाकीच्या युक्त्या पटापट सांगते. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं, ती उघडायची नाही, पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, एपीके म्हणजे ॲप, ते आत शिरून तुमचे ओटीपी वाचतं. ‘कुरिअरवाला’ सांगतो की *४०१* सारखा कोड लावून अमुक नंबर डायल करा, ते केलं की तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. झालंच चुकून तर ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. आपली स्क्रीन समोरच्याला दाखवणारं ॲप टाकायला सांगणारा बँकेचा माणूस हा बँकेचा माणूस नसतो. आणि व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ असला काही प्रकार कायद्यात नाहीच, फोन कापा आणि चहा ठेवा.

खरेदीत फोन

सगळे विकण्याबद्दलच बोलतात, पण माझ्या हिशोबाने फोनमुळे खरा पैसा वाचतो तो खरेदीत. पूर्वी मी रिक्षाने सियागंजला जायचे, पहिल्या दुकानात गूळ महाग वाटला तरी घ्यायचे, कारण ऊन आणि दोन पिशव्या. आता सकाळी दहाला दोन-तीन दुकानांना यादीचा फोटो पाठवते, भाव मागवते, आणि जिथे बरा असेल तिथे सांगते की माल बांधून ठेवा. पंधरा मिनिटांत काम.

केरळात १९९७ ते २००१ च्या दरम्यान किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर लागले तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारायला लागले, त्याचा एका अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केलाय: न विकली गेलेली तारली फेकून द्यायची वेळ जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा साधारण ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे! देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा, आणि इनकमिंग फुकट व्हायला २००३ उजाडलं. आमच्याकडे तोवर मिस कॉलची भाषा होती, एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे दूध आण.

कोथिंबीर, रिक्षा, दूध असल्या चिल्लर खर्चाला यूपीआय लाईट लावा, यूपीआय ॲपमधलाच छोटा बटवा. त्यात एका वेळी ५,००० पर्यंत ठेवता येतात, एका व्यवहाराला १,००० पर्यंत, पिन लागत नाही आणि पासबुकात कोथिंबिरीच्या वीस ओळी येत नाहीत. पिन लागत नाही म्हणूनच मी त्यात ५०० च्या वर ठेवत नाही.

सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे. त्यांना *९९# लावून नेट नसतानाही शिल्लक बघता येते, पैसेही पाठवता येतात. त्या पाठवत नाहीत, फक्त शिल्लक बघतात, रोज.

उधारी

उधारीची ॲप चांगली असतात, नाव-रक्कम टाकली की हिशोब तयार. पण आपोआप आठवण पाठवणारं बटण आधी बंद करा. माझ्याकडून ते चालू राहिलं आणि शेजारच्या काकूंना १२० रुपयांसाठी ‘आपले देयक थकीत आहे’ असा मेसेज गेला, चार दिवस त्या बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी १२० रुपये पाकिटात घालून दिले, वर एक रुपया ठेवून. आपल्या लोकांत उधारी मागायची असेल तर फोन करायचा, तब्येत विचारायची, मग ‘हो, ते तुमचं आठवलं म्हणून’.

रात्रीचा हिशोब

नऊ वाजता, ओटा पुसून झाला की. वही घ्या, हो वहीच, फोनचा हिशोब फोनमध्येच ठेवला तर फोन गेला की दोन्ही गेलं. परवाचंच सांगते: व्हॉट्सॲपवर १४ ऑर्डरी, एकूण ६,३१०. बँकेच्या ॲपमध्ये जमा ५,४८०. डब्यात रोख ४५०. उधारी ३८०. बेरीज ६,३१०, जुळलं. नाही जुळलं तर त्याच रात्री शोधायचं, सकाळी कोणी कुठल्या पोळ्या नेल्या ते आठवत नाही. मग धंद्याच्या खात्यातून जास्तीचे पैसे दुसऱ्या खात्यात हलवायचे, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दहा मिनिटं. महिन्यातून एकदा ऑर्डरींचं चॅट एक्स्पोर्ट करून मुलाला ईमेल करते.

पैसे गेलेच तर, फोन हरवलाच तर

पैसे गेले की आधी १९३० वर फोन, रडणं नंतर. जितकं लवकर सांगाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जायची शक्यता. मग बँकेला फोन आणि तक्रार नंबर लिहून घेणं, आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की बँकेची किंवा तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून लाजून दोन दिवस घरात बसू नका.

फोन हरवला तर क्रम असा: दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद, मग बँकेला सांगून यूपीआय बंद, मग पोलिसांत तक्रार, मग संचार साथीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून फोनच ब्लॉक. नवीन सिम मिळालं की पहिला दिवसभर त्यावर एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाही, घाबरू नका.

हे सगळं करायला आयएमईआय लागतो आणि तो फोनमध्येच असतो, हीच तर गंमत. म्हणून आत्ताच *#०६# डायल करा, जे दोन नंबर येतील ते कागदावर उतरवा, खाली बँकेचा हेल्पलाईन नंबर, सिम कंपनीचा नंबर, १९३०, आणि मुलाचा नंबर, कारण तोही आता कोणाला पाठ नसतो. पिन मात्र त्यावर लिहू नका. कागद घरात अशा जागी ठेवा जिथे रोज हात जातो. माझा भाजणीच्या डब्याच्या... जाऊ दे, कुठे ते इथे लिहीत नाही.